पळसाच्या पानांचा माणूस

वैशाखातली दुपार होती. मनोरमा छत्री उघडून पंचायतीच्या कचेरीकडे निघाली, ती अगदी साध्या कामाला. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढायला.

तुम्ही म्हणाल, हे काय साधं काम झालं? पण दिनानाथला जाऊन सात वर्षं उलटून गेली होती. रडणं कधीच आटलं होतं, उरली होती ती कागदांची धावपळ. जूचंद्रच्या खाडीपलीकडे सरकारी मिठागरं होती, तिथे तो देखरेखीच्या कामाला होता. सकाळी होडी वल्हवत जायचा, ऊन उतरलं की परतायचा. भाद्रपदातल्या एका मोठ्या भरतीला होडी एकटीच परत आली. वल्हं आत, जेवणाचा डबा आत, चपला आत. माणूस तेवढा नाही. गावाने चार दिवस खाडी धुंडाळली. खाडीने काही परत दिलं नाही. आणि प्रेत नाही तर मरण नाही, असं सरकारचं म्हणणं. सात वर्षं थांबा, मग कोर्टात या.

ती सात वर्षं मनोरमाने कुंकू लावून काढली. लावताना हात अडखळायचा, पुसायलाही धजायचा नाही.

आता कोर्टाचा हुकूम पिशवीत होता आणि घाई होती. बापाच्या जागेवर मुलाला घ्यायला मिठागरांचं खातं तयार होतं. पण जागा एकच. महिनाअखेर दाखला हजर केला नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. विघ्नेश, तिचा एकुलता एक मुलगा, बारावी होऊन घरी बसला होता. कधी पापडाच्या कारखान्यात, कधी मंडपवाल्याकडे, असं करून चार दिवस काढायचा. गुणी पोर, कधी कुरकुर केली नाही. म्हणूनच तिला जास्त लागायचं.

कचेरीत फ्रेडरिक कारकून एकटाच होता, वर्तमानपत्राने वारा घेत.

"या वैनी, बसा. पंखा आहे, वीज नाही," तो म्हणाला. हुकूम त्याने दोनदा वाचला. "झालं तर मग. कोर्टाने सांगितलंय, आता कोण अडवणार? फक्त खबर देणाऱ्याचा जबाब लागेल, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा. म्हातारीचा अंगठा चालेल. आणि दाखला विघ्नेशच्या नावाने मागितलाय, तेव्हा न्यायला त्यालाच आणा. सही त्याची."

एवढंच होतं. मनोरमा हलक्या पावलांनी घरी आली.

सासूबाई धोंडूबाई पडवीत बसून वाल सोलत होत्या. मोतीबिंदूने त्यांचे डोळे जवळजवळ गेलेलेच. माणूस त्या पावलावरून आणि वासावरून ओळखत. अंगठ्याचं नाव काढताच त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मी नाय देनार."

"अहो सासूबाई, नुसता जबाब आहे."

"माज्या पोराला अग्नी दिलाव? त्याच्या तोंडात पानी घातलाव? मंग मेला म्हनून कसा लिवता? अग्नी नाय नि कागूद कराचा, ह्यो कुठला धरम? आदी त्याला नीट धाडा. मंग हाताचा काय, पायाचा पन अंगठा घ्या."

म्हातारीपुढे कुणाचं काही चाललं नाही. मनोरमा भटजींकडे गेली. ते म्हणाले, शास्त्रात सोय आहे. ज्याचं शव सापडत नाही त्याचा देह पळसाच्या पानांचा करतात. पानं दर्भाने बांधायची, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्यालाच मुलाने अग्नी द्यायचा.

"आणि त्यांच्या अंगचं एक वस्त्र काढून ठेवा," भटजी म्हणाले. "धुतलेलं नको. अंगाचा वास हवा त्याला. बोलावणं कुणाला आहे, ते कळायला नको का?"

सात वर्षांत दिनानाथचे कपडे राहिले होते कुठे? काहींच्या गोधड्या झाल्या, काही देऊन टाकले. एकच पांढरा सदरा होता, निळ्या बारीक रेघांचा. बापाच्या मापाचा तो सदरा आता मुलाला बसू लागला होता. कुठे चार माणसांत जायचं असलं की विघ्नेश तोच घालायचा. आदल्या दिवशीच तो घालून खात्यात जाऊन आला होता. सदरा खुंटीला होता, काखेत घामाने अजून दमट.

मनोरमा त्या खुंटीपुढे क्षणभर उभी राहिली. सदरा तर त्यांचाच. धुतलेला नको म्हणाले, धुतलेला नाहीच. तिने तो काढून पिशवीत घातला. तिच्या जागी कोणतीही आई असती, तिने हेच केलं असतं. बापाचं मुलाला, थोरल्याचं धाकट्याला, यातच आपल्या घरांचे जन्म जातात.

स्मशान खाडीच्या तोंडाशी होतं. बायका तिथे जात नाहीत. पण मनोरमा शेताच्या बांधापर्यंत गेली आणि उन्हात उभी राहून पाहू लागली. ओहोटी होती. उघड्या पडलेल्या चिखलाचा वास येत होता. पळसाच्या पानांचा तो माणूस लाकडांवर निजवला होता. वरून सदरा चढवून गुंड्या लावल्या होत्या. लांबून पाहताना तिच्या मनात आलं, विघ्नेशच झोपलाय वाटतं. पण विघ्नेश तर पलीकडे उभा होता, उघडा, हातात पेटती काडी घेऊन. तिने स्वतःलाच दटावलं.

ओल्या पानांनी लवकर पेट घेतला नाही. धूर मात्र फार झाला. वारा नसताना तो धूर वर गेला नाही, जमिनीसरसा पसरत बांधापर्यंत आला, आणि तिच्या पदराला, केसांना, जिभेला त्याची कडवट चव बसली.

विघ्नेश परत आला तो छाती चाचपत.

"आई, माझे फोटो गं राहिले त्या सदऱ्याच्या खिशात."

"कसले फोटो?"

"पासपोर्ट साइजचे. खात्यात द्यायला काढले होते, ते." मग तो हसला. "जाऊ दे, परत काढीन. बाबांच्या खिशात बसून मी पण गेलो म्हणायचं."

मनोरमाला हसू आलं नाही. त्या संध्याकाळी तिने कुंकू पुसलं. म्हातारीने कबूल केल्याप्रमाणे अंगठा दिला. फ्रेडरिकच घरी येऊन जबाब घेऊन गेला.

सुतकात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. दुसऱ्या दिवशी इझाबेल आली, नायगावच्या वाटेवर राहणारी, मनोरमाची शाळेपासूनची मैत्रीण. पेजेचं भांडं आणि वालाची भाजी ओटीवर ठेवून तिने घाम पुसला.

"दोघींपुरतं आणलंय बघ. तुझा पोरगा कुठे उलथला? अशा दिवसांत आईला सोडून फिरतात काय?"

विघ्नेश तिथेच होता. ओटीवर, पाय लांब करून, भिंतीला टेकून. इझाबेल त्याचा पाय ओलांडून आत आली होती.

"मावशी, अगं मी हा काय!" तो म्हणाला.

इझाबेलने पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं. "काय गं मनू, कुणी बोललं का?" मग डोळे चोळून ती एकदम दचकली. "अगंबाई! होतास होय रे? उन्हातून आलं की काही दिसत नाही बघ. म्हातारी झाले मी."

तिघं हसली. पण इझाबेल जायला निघाली तेव्हा तिने पुन्हा मागे वळून पाहिलं, आणि तिची नजर विघ्नेशवरून अशी सरकली, जशी रिकाम्या भिंतीवरून सरकते.

दिवस पार पडल्यावर मनोरमा विघ्नेशला घेऊन कचेरीत गेली. दाखला तयार होता, टेबलावर समोरच ठेवलेला. शिक्का अजून ओला दिसत होता.

"काम फत्ते, वैनी. आता विघ्नेशला पाठवा. सही केली की घेऊन जाईल."

"हा काय, आणलाय ना बरोबर."

"कोणाला?" फ्रेडरिकने विचारलं. थट्टा नव्हती त्याच्या तोंडावर. तो दाराकडे बघत होता, कुणीतरी मागून येतंय अशा समजुतीने.

विघ्नेशने पुढे होऊन टेबलावर हात ठेवला. "फ्रेडरिककाका..."

फ्रेडरिकने शेजारची जाडजूड फाईल उचलली आणि त्या हातावर ठेवली. सहज, रिकाम्या टेबलावर ठेवावी तशी. वरून नीट सरळसुद्धा केली. "मुलाला उद्या पाठवलंत तरी चालेल," तो प्रेमाने म्हणाला. "पण महिनाअखेर जवळ आली हं."

विघ्नेशने हळूच हात ओढून घेतला. वाटभर तो हात चोळत चालला. खळ्यापाशी आल्यावर मात्र थांबला.

"आई, माझा हात त्यांना लागलाच नसेल का गं?"

तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. गार होता. वैशाखात, भर उन्हात गार.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. टपरीवाला त्याला चहा देईना. मंडपवाल्याने दुसरा माणूस घेतला, "तू येतच नाहीस" म्हणून. घरातला कुत्रा त्याच्या अंगावरून चालत जाई. विघ्नेशचं बोलणं कमी होत गेलं. त्याच्या अंगाला धुराचा वास येई, ओल्या पानांच्या धुराचा. आंघोळ केली तरी जाईना. मनोरमा त्याला सारखी हाक मारायची, उगाच काहीतरी काम सांगायची. नाव तोंडात ठेवलं की माणूस हातात राहील, असं तिला वाटे.

आणि मग ती तिन्हीसांज आली.

मनोरमाने तुळशीपाशी दिवा लावला, आत येऊन दार ओढून घेतलं, कडी घातली. दोन पानं मांडली. सासूबाईंना हात धरून बसवलं. मन कसं शांत होतं, सगळी कामं उरकल्यासारखं.

"सावकाश जेवा," ती म्हणाली. "घाई कुणाची आहे? आपण दोघीच तर आहोत."

म्हातारीचा हात ताटावर थांबला.

"दोगी? नि विघ्नेश?"

"कोण?" मनोरमाने विचारलं.

तो शब्द तिच्याच तोंडून गेला. स्वतःच्या कानांनी तिने तो ऐकला... आणि ऐकल्यावरसुद्धा, जरा वेळ, तिच्या मनात काही उमटेना. नाव ओळखीचं वाटत होतं, चेहरा येत नव्हता. मग कुठून तरी लांबून, बांधापलीकडून आल्यासारखी, एक हाक ऐकू आली. तिने धावत जाऊन कडी काढली.

विघ्नेश पायरीवर बसला होता. गुडघे छातीशी घेऊन, दाराला टेकून.

"आई," तो म्हणाला. आवाज बसला होता. "मी कधीपासून हाका मारतोय..."

तिने त्याला कुशीत ओढलं. लहान मुलाला घेतात तसं आत नेलं. धोंडूबाई तोपर्यंत भिंत चाचपत उठल्या होत्या. त्यांनी नातवाच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवला. हात नाकाशी नेला.

"कुनाचा सदरा दिलास गो चितेवर?"

"त्यांचाच. दिनानाथांचाच होता, सासूबाई."

"कापड त्याचा. पन शेवटचा कुनाच्या अंगात व्हता?"

मनोरमाची नजर रिकाम्या खुंटीकडे गेली. म्हातारी मटकन खाली बसली.

"बापाला बोलवाला गेलाव नि पोराला जाललाव," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी हळू.

भटजींना सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पंच्याची दशी पिळत बसले. त्यांनाही विघ्नेश धड दिसत नव्हता. बोलता बोलता त्यांची नजर भलत्याच बाजूला जाई.

"जिवंतपणी ज्याचं क्रियाकर्म झालं, तो माणसांत मोजला जात नाही," अखेर ते म्हणाले. "त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. तुपापाण्याच्या कुंभात, मूठ मिटून, न बोलता बसायचं, पोटातल्या गर्भासारखं. मग जातकर्म, मग बारसं. माझ्या आजोबांनी एकदा केलं होतं. मी पाहिलेलं नाही."

एवढा मोठा कुंभ कुठून आणणार? गावच्या मंडळाकडून लग्नातल्या जेवणाचं सर्वांत मोठं तपेलं आणलं. ते पाहून विघ्नेश कितीतरी दिवसांनी हसला.

"आई, मला आमटीत घालणार काय गं?"

"गप. बोलायचं नाही आता," मनोरमा म्हणाली, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

सकाळची वेळ होती. विहिरीचं पाणी भरलं, वर तूप सोडलं. विघ्नेश आत उतरला, गुडघे पोटाशी घेऊन बसला, मुठी मिटल्या. मनोरमाने काठावर हात ठेवला होता. तिने पाहिलं. पाणी चढलं नव्हतं. वीस वर्षांचा मुलगा आत बसला, आणि पाणी होतं तिथेच होतं, हललंसुद्धा नव्हतं. तुपाचे गोल वरती स्वस्थ तरंगत होते.

भटजींनीही ते पाहिलं. पण मंत्र थांबले नाहीत. मनोरमा काठ घट्ट धरून, ओठ न हलवता, एकच गोष्ट म्हणत राहिली. नोकरी नको. दाखला नको. हा परत दे.

ऊन ओटीवर चढलं. आणि केव्हातरी एक तुपाचा गोल सरकला. मग दुसरा. पाणी बोटभर वर आलं, अजून बोटभर, आणि एकदम काठावरून भळाभळा तिच्या पायांवर सांडलं. विघ्नेशने पहिल्यांदाच हवा मिळाल्यासारखा मोठा श्वास घेतला.

त्याच दुपारी इझाबेल आली आणि दारातूनच ओरडली, "अरे पाय घे ना घोड्या, वाटेत काय पसरलायस?" तेवढं ऐकलं आणि मनोरमा ओक्साबोक्शी रडायला लागली. इझाबेल बिचारी गोंधळून गेली, आपलं काय चुकलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी कचेरीत फ्रेडरिक खुर्चीतून उठलाच. "होतास कुठे रे इतके दिवस? आईला किती खेपा घालायला लावल्यास! कर सही." विघ्नेशने सही केली. दाखला मिळाला. खात्याने जागा राखली. पुढच्या सोमवारपासून रुजू व्हायचं होतं, बापाच्याच मिठागरावर.

आता सगळं संपलं असं मनोरमाने धरलं होतं. पण सहावा दिवस आला तशी धोंडूबाईंनी आठवण काढली.

"जल्म झाला ना पोराचा? मंग सटवी नको पुजाला? ती येऊन नशीब लिवते. तिला कागूद-पेन ठेवा."

"आजी, मला मिशा आल्यात," विघ्नेश म्हणाला.

"सटवी मिशा बघत नाय. ती कपाल बघते."

म्हातारीचं मन मोडायचं नाही म्हणून मनोरमाने त्याच्या उशाशी पाट मांडला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, एक कोरा कागद आणि पेन ठेवलं. विघ्नेशच्या पहिल्या जन्मीही तिने असंच ठेवलं होतं. सकाळी कागद कोराच असतो. तो कोराच असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी सगळे ठेवतात.

सकाळी कागद ओला होता. चिंब, पाण्यातून काढल्यासारखा. पाट कोरडा, उशी कोरडी, कौलं कोरडी. पेनाचं टोपण लावलेलंच होतं. कागद दोन बोटांत धरून मनोरमाने तो पायरीवर उन्हात वाळत ठेवला आणि तिथेच बसून राहिली.

ऊन तापलं तसा कागद आकसू लागला, आणि त्याच्यावर पांढरं काहीतरी उमटायला लागलं. तिने जवळ जाऊन पाहिलं. मीठ होतं. बारीक, चकाकणारं. पण शिंतोडे उडावेत तसं नव्हतं. ओळी होत्या. एकाखाली एक, डाव्या बाजूला समास सोडून, सावकाशपणे कुणीतरी लिहीत गेल्यासारख्या. अक्षरं कुठलीच नव्हती, निदान तिला येणारी तरी नव्हती.

तेवढ्यात विघ्नेश टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. तिला तसं बसलेलं पाहून वाकला, आणि तिने अडवायच्या आत कागद उचलून डोळ्यांपुढे धरला.

मनोरमा त्याच्याकडे पाहत राहिली. त्याचे डोळे एका ओळीवरून दुसरीवर उतरत होते. ओठ हलत होते, आवाज न करता. मध्ये एका जागी तो थांबला, मागे गेला, ती ओळ त्याने पुन्हा वाचली. मग पुढे. मीठ कागदाच्या जेमतेम मध्यापर्यंतच उतरलं होतं, खालचं अर्धं पान कोरं होतं. तिथे पोचल्यावर त्याने कागद उलटून पाहिला, मागच्या बाजूला आणखी काही आहे का ते.

नव्हतं.

"काय लिहिलंय रे?" मनोरमाने विचारलं.

विघ्नेशने कागदावर टिचकी मारली. मीठ भुरभुर पायरीवर पडलं.

"कुठे काय, आई," तो म्हणाला, आणि आंघोळीला निघून गेला.